खुर्ची सोडायला लावणारी गाणी

लग्न ठरलं की कार्यालय वर्षभर आधी पकडलं जातं, केटरर सहा महिने आधी, फोटोग्राफर आणि मेंदीवाली त्यांच्या मागोमाग. बासुंदी की गुलाबजाम यावर दोन्ही घरांत बैठका होतात. गाण्यांचं मात्र हळदीच्या संध्याकाळी, साउंडवाला वायरी जोडत असताना ठरतं. नवरदेवाचा एखादा मित्र पेन ड्राइव्ह पुढे करतो, कुणी चुलतभाऊ मोबाइलवर यूट्यूब उघडून दाखवतो, आणि पुढचे तीन तास दीडशे माणसांनी काय करायचं हे त्या दोघांच्या आवडीवर सोडलं जातं.

मग जे होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्या दोन-तीन गाण्यांना सगळे उभे. पुढच्या गाण्याला काकू बसतात, त्यानंतर आजोबा, मग नवरीकडची नुकतीच ओळख झालेली मंडळी. नऊच्या सुमारास मधोमध पंधरा-वीस पोरं उरतात, घामाघूम आणि खूश. बाकीचे आइस्क्रीमच्या काउंटरपाशी एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत असतात आणि तान्ह्या बाळाची आई पार्किंगमध्ये फेऱ्या मारत असते. तक्रार कुणी करत नाही, कारण लग्नघरात तक्रार करायची नसते.

‘फॅमिलीत चालतील अशीच गाणी लावा’ असं सांगितलं की डीजे मान डोलावतो, शिव्या असलेली दोन-चार गाणी बाजूला काढतो आणि त्याच्या लेखी काम संपतं. आपल्यालाही तेवढंच अभिप्रेत असतं. पण घरच्या कार्यातलं गाणं जमलं की नाही, हे शब्दांपेक्षा खुर्च्यांकडे पाहून जास्त नीट कळतं. गाणं सुरू झालं तेव्हा कोण उठलं आणि कोण जाऊन बसलं, एवढं पाहावं. एकही वावगा शब्द नसलेलं गाणं अर्धा मांडव रिकामा करू शकतं, आणि किंचित चावट गाण्यावर सासू-सून हातात हात घालून फेर धरू शकतात.

तरी शब्दांचं आधी उरकून घेऊ, कारण भांडणं त्यावरूनच होतात.

उघड अश्लील गाणी ओळखायला कुणाची मदत लागत नाही. गोंधळ मधल्या पट्ट्यात होतो. सहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला ‘चार बोतल वोडका’ लागतं, सगळी चिल्लीपिल्ली हात वर करून नाचतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॅनमध्ये तेच मोठ्यांदा म्हणतात. ‘दबंग 2’मधल्या ‘फेविकॉल से’मध्ये शिवी एकही नाही, पण बाई स्वतःला खायच्या पदार्थाच्या रांगेत नेऊन बसवते. दहा-बारा वर्षांच्या मुलीला त्यावर नाचायला पुढे ढकलताना निदान आईने ते गाणं आधी एकदा शांतपणे ऐकलेलं असावं. तिसरा प्रकार वरातीतला: आपल्याच जातीचा, गावाचा किंवा कुठल्याशा ‘भाई’चा डंका पिटणारी गाणी. ती लागली की गर्दीतली निम्मी माणसं आपोआप परकी होतात, आणि रस्त्यावर वरात अडून हाणामारीपर्यंत गोष्टी जातात त्या पुष्कळदा अशाच गाण्यापासून. मला विचाराल तर घरच्या यादीतून सर्वात आधी काढायचं ते हे. चावट गाण्याचा नंबर त्याच्या बराच नंतर.

चावटपणा सरसकट वगळावा असं मला वाटत नाही. वगळायचाच ठरवला तर आपल्या लग्नांमधलं निम्मं हसू जाईल. रुखवताच्या गाण्यांत विहिणीची टर उडवायची रीत जुनीच आहे. उखाण्यात थोडा आगाऊपणा चालतो. शिमग्याच्या बोंबांबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी फक्त एक व्यवस्था होती. प्रत्येक गाण्याचा श्रोता ठरलेला असायचा. तमाशाच्या फडावर कोण जातं हे गावाला ठाऊक होतं. मंगळागौरीला फुगडी, झिम्मा, पिंगा घालताना बायका एकमेकींना काय काय ऐकवत ते पुरुषांच्या कानी पडत नसे. आगरी-कोळ्यांच्या हळदीत धवलारीण धवले गायची, ते देवाधर्माचं गाणं. रात्रीचा धुडगूस नंतर, वेगळ्या मंडळींचा. लाउडस्पीकरने ही सगळी दालनं मोडून एकच हॉल केला. आता आजी, तिचा नातू, त्याचा बॉस आणि नवरीच्या शाळेतल्या बाई एकाच वेळी एकच गाणं ऐकतात. एकाला हसू येतं ते दुसऱ्याला अवघड होतं. दोष गाण्यात असतोच असं नाही. ते भलत्या गर्दीत येऊन पडलेलं असतं.

काय अवघड वाटावं हेही बदलत जातं. 1993 साली ‘खलनायक’मधल्या ‘चोली के पीछे’ने देशभर गदारोळ केला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. त्या वेळी ज्या मुलींना हे गाणं गुणगुणल्याबद्दल घरी ओरडा बसला, त्या आज मुलांच्या लग्नातल्या संगीतात त्याच गाण्यावर बसवलेला नाच करतात आणि त्यांच्या आया पुढच्या रांगेत टाळ्या वाजवतात. तीस वर्षांत गाणं जुनं झालं आणि जुनं झालेलं गाणं घरातलंच वाटू लागतं. दादा कोंडके यांच्या गाण्यांचंही तसंच झालं.

आणि भाषा कळत नसेल तर बहुतेक सगळंच चालतं. ‘क्वीन’मधलं ‘लंडन ठुमकदा’ आपल्याकडे हमखास लागतं. त्यातली पंजाबी छेडछाड ओळीओळीने समजली तर किती काका तितक्याच उत्साहाने नाचतील, शंका आहे. 2017 साली जगभर गाजलेलं ‘देस्पासितो’ हे स्पॅनिश गाणं बऱ्यापैकी शृंगारिक आहे. मलेशियाच्या सरकारी वाहिन्यांनी त्याचे शब्द तपासल्यावर ते लावणं थांबवलं. आपल्याकडे ते मुलांच्या वाढदिवसांना वाजत राहिलं. ‘माकारेना’ची गंमत आणखी वेगळी. सेव्हिलजवळच्या एका गावातल्या लोस देल रिओ या जोडीचं हे गाणं. 1996 मध्ये त्याचं रिमिक्स अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. प्रियकर सैन्यात भरती होत असताना त्याच्या मित्रांबरोबर मजा मारणाऱ्या मुलीची ही गोष्ट, आणि त्यावर जगभरच्या शाळांनी गॅदरिंगमध्ये पहिली-दुसरीची मुलं नाचवली! का? कारण त्याच्या हातांच्या हालचाली कुणालाही एका मिनिटात येतात. गाण्यावर माणूस का उठतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

तेव्हा शब्दांसाठी एवढं पुरे: जी भाषा जमलेल्यांपैकी मुलांना आणि म्हाताऱ्यांना कळते, त्या भाषेतली गाणी तरी कुणीतरी आधी पूर्ण ऐकावीत. गाण्यांच्या ॲपवर काही गाण्यांपुढे आक्षेपार्ह शब्दांची खूण असते, पण ती गाणं प्रसिद्ध करणारी कंपनी सांगेल तेव्हाच लागते. मराठी-पंजाबी गाण्यांपुढे ती नसली म्हणून निर्धास्त राहू नये. पर्याय बहुतेक वेळा शेजारीच सापडतो. ‘अग्निपथ’मधल्या (2012) ‘चिकनी चमेली’तली नायिका दारू चढवून आल्याचं सांगते. ती चाल मुळात अजय-अतुल यांनीच ‘जत्रा’साठी (2006) केलेल्या ‘कोंबडी पळाली’ची. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचं ते गाणं लावलं तर जोर तोच राहतो आणि पाच वर्षांच्या मुलांना वर कोंबडीसारखं नाचायलाही मिळतं.

एक सापळा मात्र नेहमी नजरेतून सुटतो. डीजेच्या लॅपटॉपवर एकदा डोकावून पाहा. ‘हळद’, ‘आगरी कोळी’, ‘मराठी कडक’, ‘वरात’, ‘नागिन मिक्स’ अशी फोल्डरं असतात आणि त्यांत मूळ गाणी थोडीच. बाकी सगळी कुणीतरी घरी बसून केलेली रिमिक्स. मधूनच डीजेचं नाव भसाड्या आवाजात ओरडलेलं, भोंगा, सिनेमातला एखादा संवाद, कधी त्या संवादात शिवी. तुम्ही ‘आपलं ते साधं कोळीगीत’ म्हणून मागता आणि दुसऱ्या कडव्याआधी स्पीकर शिवी हासडतो. म्हणून गाण्याचं नाव सांगून भागत नाही, ‘ओरिजिनल लावा’ हे दोन शब्द जोडावे लागतात.

आता ठेक्याकडे येऊ, कारण खरी निवड तिथेच होते.

ताल ऐकून अंग हलवणं माणूस फार लवकर सुरू करतो. मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांनी 2010 मध्ये पाच महिने ते दोन वर्षांच्या बाळांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की नुसत्या बोलण्यापेक्षा संगीतावर आणि ठोक्यांवर बाळं कितीतरी जास्त हातपाय हलवतात. ताल नीट पकडता येत नसला तरी हलतात, आणि जमलं की हसतात. मोठ्यांना सर्वात सोयीचा वाटतो तो मिनिटाला 120च्या आसपास ठोके असलेला वेग, म्हणजे झपझप चालण्याचा. लहान मुलांचा आपला वेग याहून जलद, वय वाढलेल्यांचा संथ. गाण्याचा वेग मोजायला ॲप लागत नाही. घड्याळ लावून 15 सेकंद टाळ्या वाजवायच्या आणि आकड्याला चारने गुणायचं. 95 ते 110च्या गाण्यांवर आजोबाही पाय टाकू शकतात. 130च्या पुढची गाणी सलग चार लागली की ते बसणार, आणि त्यांना बसलेलं पाहून आजीही बसणार.

वेगापेक्षा ठेक्याची ठेवण महत्त्वाची. क्लबमधल्या गाण्यात प्रत्येक मात्रेवर सारखा दणका असतो. त्यावर उड्या मारायच्या, दुसरं फारसं काही करता येत नाही, आणि उड्या मारायला गुडघे लागतात. आपली कोळीगीतं बहुतेक सहा मात्रांच्या, तीन-तीनच्या झोक्यांत चालतात. डावीकडे एक झोका, उजवीकडे एक. वल्ही मारल्यासारखे हात, किंचित वाकलेली कंबर. पाय उचलला नाही तरी नाच होतो. गुजराती गरब्यातला हींच सहा मात्रांचा, गोव्याचं दुलपदही सहाच्या चालीचं. पश्चिम किनाऱ्यावरची माणसं सहावर झुलतात म्हणायला हरकत नाही. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे आवाज असलेलं ‘मी डोलकर’ लावून पाहा. सत्तरीच्या बाई खुर्चीत बसल्या बसल्या खांदे हलवायला लागतात. कुणी हात धरला की उठतात.

ठेका फार सरळ असेल तर कंटाळा येतो, फार वाकडातिकडा असेल तर पाय गोंधळतात. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी 2014 मधल्या एका अभ्यासात लोकांना ड्रमचे निरनिराळे तुकडे ऐकवले, तेव्हा नाचावंसं सर्वात जास्त वाटलं ते मधल्या तुकड्यांवर, जिथे ठोका अधूनमधून अपेक्षेच्या जागेवरून निसटतो. हलगी वाजवणाऱ्याला हे सांगायला संशोधक लागत नाही. बारीक काडीची तडतड चालू ठेवून तो मध्येच एक ठोका गिळतो, आणि समोरच्याचा पाय तो ठोका भरून काढायला आपोआप पडतो. म्हणून जमेल तिथे तासभर तरी प्रत्यक्ष वाद्यं आणावीत असं मी सुचवीन. हलगी-संबळ असो, बेंजो पार्टी असो की चार माणसांचा ढोल-ताशा. वाजवणारा समोरची माणसं पाहून वेग कमी-जास्त करतो. पेन ड्राइव्हला ते डोळे नसतात.

पायऱ्या ठाऊक असलेली गाणी यादीतलं सोनं. लेझीम शाळेत हातात घेतलेली पिढी अजून मांडवात असते, हलगी वाजली की तिचे हात बरोबर वर जातात. मंगळागौरीचा पिंगा, फुगडी हे बायकांना नव्याने शिकवावं लागत नाही. पोरांना ‘झिंगाट’ शिकवावं लागत नाही. 2016 मध्ये हे गाणं असलेला ‘सैराट’ लागला तेव्हा लोक थिएटरातच खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचले होते. आणि सर्वांत लोकशाहीवादी नाच म्हणजे नागिन.

नागिन नीट पाहावा. ठेका बदलतो, बीनची धून येते, आणि कुणीतरी हमखास खिशातून रुमाल काढतो. एक टोक दातांत धरून दुसरं दोन्ही हातांनी लांब ओढायचं, ही झाली पुंगी. समोर दुसरा हाताचा फणा करून डोलत डोलत खाली जातो, शेवटी जमिनीवर. हा दुसरा बहुधा एखादे पोट सुटलेले मामा असतात, ऑफिसात कुणाशी जास्त न बोलणारे. भोवती मुलं गोल करतात. यात शब्दच नाहीत, त्यामुळे आक्षेपाचा प्रश्न येत नाही. वेगही ज्याच्या-त्याच्या मर्जीचा. ही धून 1954च्या ‘नागिन’मधली, संगीतकार हेमंतकुमार. ती बीन खरी बीन नव्हेच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर ती वाजवली होती कल्याणजी यांनी, पुढे संगीतकार जोडी म्हणून नाव काढलेल्या कल्याणजी-आनंदजींपैकी. जाता जाता एक गंमत. ‘नागिन’ची धून, ‘मी डोलकर’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’मधलं ‘गोमू संगतीनं’ या तिन्हींत हेमंतकुमार आहेत. मराठी लग्नाचा नाच एका बंगाली माणसाला इतका बांधलेला असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

तीन पिढ्यांसाठी तीन वेगळे तुकडे करायचे, आधी म्हाताऱ्यांची गाणी, मग पोरांची, ही नेहमीची युक्ती मला पटत नाही. तसं केलं की तरुण मंडळी सुरुवातीला बाहेर फोटो काढत उभी राहतात आणि ज्येष्ठ त्यांचा वाटा संपल्यावर घरी निघतात. दोन्ही गट एकमेकांना भेटतच नाहीत. त्यापेक्षा विणत जावं. ‘अश्विनी ये ना’ (‘गंमत जंमत’, 1987) लावलं की किशोरकुमारच्या मराठीवर पन्नाशीचे लोक खूश होतात, आणि मुलांनाही ते टीव्हीमुळे पाठ असतं. त्याला लागून संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ (2024) घ्यावं. ते चार वर्षांच्या मुलीपासून सगळ्यांना येतं आणि त्यात नवऱ्याकडे लाडाने हट्ट करण्यापलीकडे काही नाही. मग एक कोळीगीत, सगळ्यांना आत ओढायला. मग ‘झिंगाट’, पोरांचा दम काढायला. त्यावर लगेच दुसरं तसंच नको, नागिन लावावी म्हणजे दमलेले हसतात आणि बसलेले उठतात. ही वीस मिनिटं झाली. अशा चार फेऱ्यांत संध्याकाळ निघते. मधल्या एका फेरीत अगदी छोट्यांसाठी ‘नाच रे मोरा’ टाकायला लाजू नये. 1953च्या ‘देवबाप्पा’तलं, गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल, आशा भोसल्यांचा आवाज. ते लागलं की मुलांपेक्षा आज्याच आधी पिसारा फुलवतात.

विणण्याचा हा शहाणपणा गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत रीतीतच बसवलेला आहे. तिथल्या रिसेप्शनला जोडप्याच्या पहिल्या नाचानंतर सगळ्या जोड्या, वयाने कितीही मोठ्या असोत, ‘मार्च’ या जोड्यांच्या नाचात सामील होतात. मांडो या संथ, विरहाच्या गाण्यामागोमाग झपाट्याची दुलपदं येतात. शेवटाकडे कोंकणी गाण्यांचा मसाला सुरू झाला की टेबलाशी बसून राहणं अशक्य. सूत्रसंचालक माइकवरून कुणाला कधी उठवायचं हे जाणतो. आपल्याकडच्या संगीतात सगळं लक्ष बसवलेल्या नाचांवर जातं. कोरिओग्राफर महिनाभर शिकवतो, प्रत्येक गाण्याचा मिनिटभराचा तुकडा, आणि तो नाच बघणारे बघेच राहतात. हौस म्हणून ठीक आहे, पण ते सर्वांचं नाचणं नव्हे.

राहिला आवाज. गाणी कितीही निवडून काढली तरी आवाज चढला की घरातली निम्मी माणसं बाहेर जातात. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांना मोठा आवाज चालेल, हा गैरसमज आहे. वय झालेल्या कानाला आणि श्रवणयंत्राला गोंगाट जास्त टोचतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं माप असं, की 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. 91ला दोन तास, 100ला फक्त पाव तास. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये नाचगाण्याच्या ठिकाणांसाठी आखलेल्या मानकातही सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा आहे, शिवाय कानांना विसावा द्यायला एक शांत जागा ठेवा असं त्यात सांगितलं आहे. तान्ही बाळं आणि त्यांच्या आया यांच्यासाठी कार्यालयातली एक खोली उघडी ठेवणं एवढाच त्याचा घरगुती अर्थ.

डीजेला बेस का सोडवत नाही, यालाही कारण आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एका कार्यक्रमात कानाला जवळपास ऐकूच न येणारे अतिखर्ज स्पीकर मध्ये मध्ये चालू-बंद केले. चालू असताना नाचणाऱ्यांच्या हालचाली 11.8 टक्क्यांनी वाढल्या, आणि काय बदललं हे त्यांना कळलंही नाही. 2022 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. म्हणजे बेस माणसाला हलवतो हे खरंच. पण तो भिंतीतूनही जातो आणि शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसाच्या खाटेलाही हलवतो. तेव्हा बेस पूर्ण मारू नये, एकूण आवाज खाली आणावा. स्पीकर नाचाच्या जागेकडे वळवावेत, ज्येष्ठांच्या खुर्च्या त्यांच्या मागे किंवा समोरच्या टोकाला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती तो परत फेकतात, तिथे एवढा फायदा मिळत नाही. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसलं तरी डीजेशी बोलताना आकडा दाखवता येतो. ‘जरा कमी करा’ला तो हो म्हणतो आणि काही करत नाही. ‘97 दाखवतंय, 88वर आणा’ याला उत्तर द्यावं लागतं.

फर्माईश हा वेगळाच विषय. डीजेच्या टेबलापाशी गर्दी झाली की यादी कोलमडते, आणि गर्दी नेहमी त्याच पाच जणांची असते. घरातल्या एकाच व्यक्तीने, शक्यतो नवरीच्या आत्या किंवा मोठ्या वहिनी अशा कुणाचा तरी धाक असलेल्या बाईंनी, फर्माईशी घ्याव्यात असं आधीच डीजेला सांगून ठेवावं. पोरं आत्याकडे जाऊन वाह्यात गाणं मागत नाहीत. जी मागतात ती निम्मी गाणी चांगलीच असतात, ती लावून टाकावीत.

शेवटची बाब घड्याळाची. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके, जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12पर्यंत सवलत देऊ शकतं. ती सण-उत्सवांसाठी, तुमच्या हळदीसाठी नव्हे. राहत्या वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. साध्या गप्पांचा आवाज 60च्या आसपास जातो, त्यावरून कल्पना यावी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा 100 मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. लॉनवरचं कार्य असेल तर यादी दहापासून मागे मोजत लिहावी, पुढे नव्हे. हळद लागायलाच साडेआठ वाजणार असतील तर हातात दीड तास आहे, आणि सर्वांनी मिळून नाचायची चार गाणी त्यातल्या पहिल्या तासात बसली पाहिजेत, कारण साडेनऊनंतर माणसं जेवायला पांगू लागतात. पावणेदहाला डीजेला शेवटचं गाणं सांगून ठेवावं आणि ते कोणतं हे घरच्यांनीच ठरवलेलं असावं. नाहीतर पोलिसांची गाडी गेटपाशी येते, डीजे घाबरून मध्येच बटण दाबतो आणि दीडशे माणसं वर केलेले हात तसेच ठेवून एकमेकांकडे पाहत उभी राहतात. शेवटी सहा मात्रांचं, सगळ्यांना येणारं एखादं कोळीगीत घ्यावं आणि फेर धरायला लावावा. फेरातून कुणी मधेच बाहेर पडत नाही, आणि गाणं संपलं की उरलेले सगळे एकदमच जेवायला वळतात, त्यामुळे केटररही खूश राहतो.